एपी गव्हचा स्कोअर आधीच कसा काढायचा? एक कॅल्क्युलेटर ३ म्हणतो, दुसरा ४

ओवी_एनजे
नमस्कार मंडळी. लेक बारावीत आहे, मे महिन्यात एपीचा (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकून देतात ती परीक्षा) यूएस गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्सचा पेपर देऊन आली आणि तेव्हापासून घरात एकच रेकॉर्ड, आई माझा ४ येईल का गं. नेटवर ते स्कोअर कॅल्क्युलेटर असतात ना, एमसीक्यू म्हणजे पर्यायवाले प्रश्न किती बरोबर ते टाका, एफआरक्यू म्हणजे लिहून द्यायच्या उत्तरांचे पॉइंट टाका की खाली १ ते ५ मधला एक आकडा येतो, तर एकावर ३ येतोय, दुसऱ्यावर तेच सगळं टाकून ४ येतोय, आणि तिसरा एक आहे त्याला काहीही सांगितलं तरी तो खूशच असतो. तिने धरलेले आकडे देते. एमसीक्यू ५५ पैकी ४०, पहिला एफआरक्यू ३ पैकी २, तक्त्यावरचा ४ पैकी ३, सुप्रीम कोर्ट केसवाला ४ पैकी २ आणि निबंध ६ पैकी ४.
निव्वळ उत्सुकता असती तर जुलैपर्यंत गप्प बस म्हटलं असतं. पण तिच्या कॉलेजात ४ असेल तरच क्रेडिट आहे, म्हणजे तो कोर्स तिथे परत घ्यावा लागत नाही, ओरिएंटेशन जूनमध्ये आहे आणि तिथेच पहिल्या सेमिस्टरचे क्लास निवडायचेत. म्हणजे सरकार-राजकारणाचा बेसिक कोर्स घ्यायचा की नाही हे स्कोअर न बघताच ठरवायचं. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा प्लीज, कुठला कॅल्क्युलेटर खरा?

टेक्सासकर
कुठलाच नाही :)
कसंय, अर्धं गणित पक्कं आहे आणि अर्धं हवेत आहे. पक्कं ते आधी सांगतो. एमसीक्यूला ५० टक्के वजन, एफआरक्यूंना ५० टक्के, आणि चारही एफआरक्यूंना सारखंच, प्रत्येकी साडेबारा टक्के. हे अधिकृत आहे. बहुतेक कॅल्क्युलेटर याचे १२० करून घेतात, ६० इकडचे ६० तिकडचे. ४० बरोबर म्हणजे ४० गुणिले ६० भागिले ५५, झाले ४३.६. एफआरक्यू प्रत्येकी १५ चा धरायचा, मग तो ३ पॉइंटांचा असो नाहीतर ६ चा. तर २/३ चे १०, ३/४ चे सव्वाअकरा, २/४ चे साडेसात, ४/६ चे १०. सगळं मिळून ८२ च्या जरा वर. इथपर्यंत कुठलीही साइट घ्या, उत्तर हेच येणार.
हवेतलं ते पुढचं. १२० पैकी ८२ ला ३ द्यायचा की ४ हे परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड जाहीर करत नाही. साइटवाले जुन्या रिलीज झालेल्या पेपरांच्या तक्त्यांवरून अंदाज बांधतात, काहींनी तो वर्षानुवर्षं बदललेलाच नाही. ज्या साइटवर एमसीक्यू ६० पैकी विचारतात ती तर लगेच बंद करा, तो २०१९ च्या आधीचा पेपर आहे.

बे_एरिया_बाबा
+१. आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीये, चुकीचे वजा करणारं एखादं जुनं एक्सेल कोणी फॉरवर्ड केलं तर डिलीट मारा.

खडूस_आजोबा
पुण्यातून लिहितोय, नात डॅलसजवळ असते म्हणून हा धागा उघडला. मला एक कळत नाही. आमच्याकडे जेईई झाली की एनटीए आन्सर की टाकते, मुलाने स्वतः काय उत्तरं दिली तेही लॉगिनमध्ये दिसतं, आन्सर की चुकलीय वाटलं तर प्रश्नामागे २०० रुपये भरून आव्हान देता येतं. रात्रीत अख्ख्या कॉलनीला मार्क कळतात. आणि अमेरिकेत ४० बरोबर असतील असं "वाटतं" यावर हिशोब चाललाय? आन्सर की कुठाय?

टेक्सासकर
आजोबा तीच तर गंमत आहे, आन्सर की नाहीच. एफआरक्यूचे प्रश्न परीक्षेनंतर थोड्या दिवसांत साइटवर येतात, ते सगळ्यांना खुले. एमसीक्यू मात्र कुलुपात, पुढे पुन्हा वापरायचे असतात म्हणून. मुलांना त्यावर बोलायलाही बंदी आहे.

ओवी_एनजे
अरे देवा. मी तर तिला आठवतायत ते सात-आठ प्रश्न इथे टाकणार होते, म्हटलं कोणीतरी उत्तरं तपासून देईल.

बे_एरिया_बाबा
नका हो टाकू!! एमसीक्यू नेटवर टाकले म्हणून स्कोअर रद्द होऊ शकतो, नियमात स्पष्ट लिहिलंय. ४ नको नि ३ नको, काहीच हातात येणार नाही.

मास्तरीण_शिकागो
मी हायस्कूलला सोशल स्टडीज शिकवते, एपी गव्हचा वर्गही घेते, त्यामुळे हे "मॅम माझा किती येईल" दर मे महिन्यात ऐकते. ओवी, कॅल्क्युलेटर कुठला याच्या आधी त्यात टाकलेले आकडे कुठून आले ते बघू.
एमसीक्यूचं "४० वाटतात" हे चालणार नाही. तिला असं विचार की खात्रीचे किती होते, दोन पर्यायांत अडकून एक निवडला असे किती, आणि डोळे मिटून ठोकलेले किती. मग प्रॅक्टिस टेस्ट काढून बघ, तेव्हा "खात्रीचे" म्हणून सोडवलेल्यातले खरंच किती बरोबर आले होते. खात्रीचे सगळेच्या सगळे बरोबर येणारं मूल मी अजून बघितलेलं नाही. दोघांत अडकलेल्यांचे अर्धे धर, ठोकलेल्यांचे पाव, कारण पर्याय चार असतात.

ओवी_एनजे
विचारलं. खात्रीचे ३४ म्हणते, दोघांत अडकलेले १४, आणि ७ ठोकले कारण शेवटी वेळ संपत आला. प्रॅक्टिसला खात्रीच्या दहातले नऊ बरोबर यायचे साधारण.

मास्तरीण_शिकागो
मग ३१ अधिक ७ अधिक २, झाले ४०. पोरीचा अंदाज बरा आहे, आता त्या ४० ला काहीतरी आधार तरी आहे. पण तरी तो ३६ ते ४४ असा धर, एकच आकडा धरू नकोस.
आता एफआरक्यू, आणि खरी उलथापालथ इथेच होते. टेक्सासकरांनी लिहिलंय की चौघांना वजन सारखं. त्याचा अर्थ नीट बघा. पहिला प्रश्न, कन्सेप्ट अॅप्लिकेशन, फक्त ३ पॉइंटांचा, म्हणजे त्यातला एकेक पॉइंट १२० मधल्या ५ चा. एक एमसीक्यू १ च्या किंचित वर. म्हणजे पहिल्या प्रश्नातला एक पॉइंट गेला की साडेचार एमसीक्यू गेल्यासारखे. निबंधातला एक पॉइंट मात्र अडीचचा. मुलं निबंधावर जीव टाकतात, ४० मिनिटं त्याला द्या असं सुचवलेलंच असतं, आणि पहिला प्रश्न सोपा दिसतो म्हणून भराभर उरकतात. अंदाज काढतानाही तेच, "तो काय सोपाच होता, ३ पैकी ३ धर". तिथेच आधी डोळे उघडे ठेवून बघायचं.

अर्धामराठी
मी सेकंड इयरला आहे, आईने लिंक पाठवली. मॅम बोलतात ते एकदम खरं आहे. माझ्या वेळी आमच्या टीचरने नुसत्या व्हर्ब्सवर पूर्ण क्लास घेतला होता. आयडेंटिफाय म्हटलं तर एका ओळीत सांगून पुढे जा. डिस्क्राइब म्हटलं तर ती गोष्ट कशी आहे ते सांग. एक्स्प्लेन म्हटलं तर "कारण" पाहिजेच, हे झालं म्हणून ते झालं असं. एक्स्प्लेनला डिस्क्राइबवालं उत्तर लिहिलं तर कितीही छान लिहा झीरो. सेल्फ ग्रेडिंग करताना सगळे इथेच स्वतःला फुकट पॉइंट देतात, माझे फ्रेंड्स सगळे असंच करायचे.

मास्तरीण_शिकागो
वा, तुझ्या टीचरना सलाम. ओवी, असं कर. यंदाचे प्रश्न काढ, आणि कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांची स्कोअरिंग गाइडलाइन्स आणि मुलांची खरी उत्तरं आहेत, पॉइंटांसकट आणि ते का दिले या कारणांसकट. तिला आधी ती दोन-चार वाचू दे. मग स्वतःच्या उत्तरांना पॉइंट द्यायला सांग. पेपर आता ब्लूबुक अॅपवर टाइप करतात, त्यामुळे घरी काही कागद येत नाही, आठवून आठवून मुद्दे लिहावे लागतील. जे नक्की लिहिलं तेच मोजायचं, जे लिहायला हवं होतं ते नाही!
केसवाल्या प्रश्नात नवीन केसची माहिती दिलेली असते आणि अभ्यासक्रमातल्या केसशी तुलना करायची असते. अभ्यासक्रमात आता १४ केसेस आहेत, गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या डॉब्सच्या निकालानंतर तो हक्क देणारी रो विरुद्ध वेड काढली. मुलं घटनेचं कलम बरोबर सांगतात, पहिली दुरुस्ती वगैरे, आणि १ पॉइंट मिळतो. पुढचे २ कशाला असतात, तर दोन्ही केसेसच्या वस्तुस्थितीत फरक किंवा सारखेपणा काय होता आणि त्यामुळे निकाल तसा का लागला. त्यासाठी अभ्यासक्रमातली केस तोंडपाठ लागते कारण तिची माहिती पेपरात नसते. टिंकर म्हणजे शाळेत काळ्या पट्ट्या बांधून व्हिएतनाम युद्धाचा निषेध, शाळेच्या कामात व्यत्यय आला नव्हता म्हणून मुलं जिंकली, इतकं तरी कागदावर यायला हवं. आणि बंदुकीचा उल्लेख दिसला की लोपेझ आणि मॅकडोनाल्ड यांची अदलाबदल ठरलेली. लोपेझ बंदूक घेऊन शाळेत गेला खरा, पण ती केस आहे कॉमर्स क्लॉजची (राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं कलम), काँग्रेसला तसा कायदा करायचा अधिकार आहे का याची. मॅकडोनाल्ड म्हणजे दुसरी दुरुस्ती (शस्त्र बाळगायचा हक्क) चौदाव्या दुरुस्तीमार्फत राज्यांना लागू. हे उलटं झालं असेल तर तुलनेचे पॉइंट सरळ शून्य धर.

ओवी_एनजे
केस तिला बरोबर आठवली होती असं म्हणते. निबंधाबद्दल मला जास्त शंका आहे, तिथे ती जरा उदार झाली असावी. फेडरलिस्ट १० (मॅडिसनने घटनेच्या बाजूने लिहिलेला लेख) वापरला म्हणते, पण त्यातलं नक्की काय लिहिलं विचारलं तर "मॅडिसनचं ते फॅक्शनवालं", म्हणजे गटांचं.

मास्तरीण_शिकागो
हाहा, "फॅक्शनवालं" यात सगळं आलं. ६ पॉइंट असे, १ थीसिसला म्हणजे मुख्य दाव्याला, ३ पुराव्याला, १ पुरावा मुद्द्याला कसा आधार देतो ते समजावण्याला, १ विरुद्ध मताला उत्तर देण्याला. पुराव्याचे तिन्ही हवे असतील तर त्यातला एक पुरावा प्रश्नात दिलेल्या मूळ कागदपत्रांतला लागतो. नुसतं नाव लिहून भागत नाही, त्यातला मुद्दा हवा. मोठ्या प्रजासत्ताकात इतके गट असतात की एकाच गटाला सगळ्यांवर कुरघोडी करणं अवघड जातं, हे लिहिलं असेल तर छान. पण मोठ्या देशात प्रतिनिधी लोकांपासून लांब जातात आणि स्वातंत्र्य धोक्यात येतं असं लिहून खाली मॅडिसनचं नाव टाकलं असेल तर तो मुद्दा घटनेच्या विरोधात लिहिणाऱ्या ब्रूटसचा आहे, म्हणजे बरोबर उलटा. ही गल्लत माझ्या वर्गात दर वर्षी होते.
विरुद्ध मताचंही तसंच. "काही लोकांना असं वाटत नाही" एवढ्या ओळीवर पॉइंट नाही, ते मत मांडून ते खोडायचं किंवा का कमी पडतं ते सांगायचं. हा पॉइंट मी अंदाजात धरतच नाही, मिळाला तर बोनस.

ओवी_एनजे
बसलो दोघी. निबंध ३ ते ५ च्या मध्ये. पहिला प्रश्न १ ते ३ (एक्स्प्लेनच्या जागी डिस्क्राइब झालंय बहुतेक, बरं झालं ते व्हर्ब्सचं कळलं), दुसरा २ ते ३, केस २ ते ३. एमसीक्यू ३६ ते ४४.

टेक्सासकर
खालून धरलं तर ६७, वरून ९८. मधे तुमचे ८२.
आता मूळ प्रश्नाकडे या. ६७ ते ९८ हा पट्टा जुन्या पद्धतीच्या साइटवर एक दाखवणार, नव्या पद्धतीच्या साइटवर दुसरं, कारण २०२४ ला पायाच हलला. २०२३ मध्ये ३ किंवा वर मिळवणारे साधारण ४९ टक्के होते, २०२४ मध्ये ७३. ५ वाले १३ टक्क्यांवरून २४ वर. एका वर्षात मुलं इतकी हुशार झाली नाहीत, कॉलेज बोर्डाने स्टँडर्ड ठरवायची पद्धत बदलली. आधी मोजक्या प्राध्यापकांचं पॅनल ठरवायचं, आता कितीतरी जास्त डेटा घेऊन ठरवतात. म्हणजे २०२३ च्या हिशोबाने चालणारा कॅल्क्युलेटर तुम्हाला कमीच दाखवणार. तुमचा ३ वाला बहुतेक तसलाच.

खडूस_आजोबा
म्हणजे मार्कांची खिरापत. आमच्याकडे बोर्डाने बेस्ट ऑफ फाइव्ह आणलं तेव्हा दहावीचं तेच झालं, नव्वदच्या वरची पोरं गल्लोगल्ली. यांच्याकडे तर एका पेपरची फी शंभर डॉलरच्या घरात, गिऱ्हाईक नाराज करून कसं चालेल.

मास्तरीण_शिकागो
आजोबा, फीचा मुद्दा मी खोडत नाही. पण खिरापत म्हणणं मला पटत नाही. गव्हचा ४९ टक्के हा एपीतल्या सगळ्यात कमी निकालांमधला होता. कॉलेजात हाच कोर्स घेणारी मुलं आरामात बी ग्रेड काढतात आणि हायस्कूलमध्ये तेवढंच येणाऱ्या मुलाला २, हे कुठे बरोबर होतं? माझ्या वर्गातल्या चांगल्या मुलांना २ घेऊन बसलेलं बघितलंय मी, क्रेडिट नाही आणि वर आत्मविश्वासाचं खोबरं.

बे_एरिया_बाबा
दोघंही थोडे थोडे बरोबर. पद्धत सुधारली असेल, पण नवीन स्कोअर आणि जुना स्कोअर एकाच मापाने बघू नये एवढं खरं. मोठ्या भावाला ३ आला होता तुला ५ कसा काय हे घरी बोलणारे आईबाप मी पाहिलेत, प्लीज नका करू.

अर्धामराठी
माझ्या घरी झालं हे 😅

खडूस_आजोबा
बरं मग पोरीला ४ आहे का नाही ते सांगा की.

टेक्सासकर
८२ ला नव्या पद्धतीत ४ ची शक्यता ३ पेक्षा जास्त, असं मी म्हणेन. खात्री देणार नाही. ६७ ला ३, ९८ ला ४ आणि नशीब जोरावर असेल तर ५ चं दार वाजवता येईल. २ ची भीती घालवून टाका.

मास्तरीण_शिकागो
सहमत. फक्त ओवी, ओरिएंटेशनचं या अंदाजावर नको ठरवूस. अॅडव्हायजरला सांगायचं की एपी गव्हचा स्कोअर यायचाय, त्यांना दर जूनला हे शेकडो मुलं सांगतात. गव्हचा कोर्स आत्ता घेऊच नये, त्या जागी दुसरा कुठलातरी जनरल एज्युकेशनचा घ्यावा जो नाहीतरी पुढे लागणारच आहे. ४ आला तर काही बदलायचंच नाही. ३ आला तर गव्हचा कोर्स दुसऱ्या सेमिस्टरला घेता येतो. मेजरला (मुख्य विषयाला) पहिल्याच सेमिस्टरमध्ये तो लागत असेल तर मात्र उलटं करायचं, आत्ता नाव घालून ठेवायचं आणि जुलैत सोडायचं. सोडायची शेवटची तारीख बघून ठेव.

ओवी_एनजे
मेजर बायोलॉजी आहे, सो घाई नाही. हे सुचलंच नव्हतं, आम्ही घ्यायचा की नाही यावरच भांडत बसलो होतो. खूप आभार.

बे_एरिया_बाबा
अजून एक, २० जूनपर्यंत एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो, ते नाव लॉगिनमध्ये आत्ताच टाकून द्या, नंतर पैसे पडतात. "आधी स्कोअर बघू मग पाठवू" करत बसू नका, अॅडमिशन तर झालेलीच आहे, ३ आला म्हणून कोणी बाहेर काढत नाही.

ह्यूस्टनची_मावशी
उशिरा आले धाग्यावर. आमचा मुलगा इथल्याच सरकारी कॉलेजात जाणार आहे, गव्हमध्ये ३ ची आशा आहे. टेक्सासमध्ये ३ ला क्रेडिट मिळतं ना सगळीकडे? की ऐकीव आहे?

टेक्सासकर
मावशी, कायदा आहे तसा. सरकारी कॉलेजांनी ३ ला क्रेडिट द्यायचं, जास्त मागायचं तर तसं कारण आकडेवारीने दाखवावं लागतं, म्हणून त्या कॉलेजचा एपी तक्ता एकदा बघाच. पण दुसरी मेख आहे. इथे पदवीसाठी गव्हर्नमेंटचे ६ क्रेडिट तास सक्तीचे आहेत, त्यात अमेरिकेची राज्यघटना आणि टेक्सासची राज्यघटना दोन्ही. एपी गव्हमध्ये टेक्सास कुठे आहे? त्यामुळे साधारण एपीने २३०५ नंबरचा, अमेरिकेच्या सरकारचा कोर्स सुटतो आणि २३०६, म्हणजे टेक्सासवाला, घ्यावाच लागतो. माझ्या मुलाने तो उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला उरकला. क्रेडिट ट्रान्सफर होतंय का ते आधी लेखी विचारून घ्या.

ह्यूस्टनची_मावशी
अगंबाई, हे शाळेत कोणी सांगितलंच नाही. उन्हाळ्यात म्हणजे आत्ता जूनमध्येच का?

टेक्सासकर
दोन सत्रं असतात बहुतेक ठिकाणी, दुसरं जुलैत सुरू होतं. स्कोअर त्याच सुमारास येतात, त्यामुळे दुसरं धरा. कॉलेजचं नाव विपूत (माझ्या विचारपूस पानावर) कळवा, तक्ता शोधून पाठवतो.